‘होम मूव्हीज’सारखी स्वस्तातली कार्टून मालिका लोकांना इतकी का आवडते? आणि तशी मराठीत करायची तर काय सांभाळावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘होम मूव्हीज’, ‘स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट’ अशा अमेरिकी मालिकांत चित्रं धड हलत नाहीत, रंग सपाट असतात, तीच चार पार्श्वदृश्यं फिरून फिरून येतात, तरी वीस-पंचवीस वर्षांनी लोक त्या पुन्हा का बघतात? आणि पुण्यात तिघा-चौघांनी मिळून यूट्यूबसाठी मराठीत असं काही करायचं ठरवलं तर त्यांतून नेमकं काय उचलावं?

या मालिकांनी काटकसर केली ती चित्रांत. वेळ मात्र सढळ हाताने खर्च केला, आणि तो जवळजवळ सगळा आवाजावर. प्रेक्षकाला हसू फुटतं ते एका वाक्यानंतर समोरचा माणूस किती वेळ गप्प राहिला त्यावर. तो गप्पपणा आपोआप पडत नाही, कुणीतरी दिवस दिवस बसून तो कापलेला असतो. आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकलेल्यांना हे लगेच कळेल. नक्कल करणारे बहुतेक जण मात्र नेमकं उलटं उचलतात: वेडंवाकडं चित्र घेतात, आणि आवाज एका दुपारी मोबाइलवर उरकतात.

‘होम मूव्हीज’ ही ब्रेंडन स्मॉल आणि लॉरेन बूशार्ड यांची मालिका. २६ एप्रिल १९९९ रोजी ती यूपीएन वाहिनीवर सुरू झाली आणि पाच भागांतच तिथून गेली. २ सप्टेंबर २००१ रोजी कार्टून नेटवर्कने मोठ्यांसाठीचा ‘ॲडल्ट स्विम’ हा रात्रीचा पट्टा सुरू केला तेव्हा त्याची सुरुवातच हिच्या भागाने झाली. एप्रिल २००४ पर्यंत चार पर्वं आणि ५२ भाग झाले. गोष्ट एवढीच, की आठ वर्षांचा ब्रेंडन मेलिसा आणि जेसन या दोस्तांना घेऊन घरच्या कॅमेऱ्यावर सिनेमे काढतो. आईचा घटस्फोट झालेला. शाळेतला फुटबॉलचा प्रशिक्षक मॅकगर्क आळशी, बाटलीकडे झुकलेला आणि विचारलं नसताना आयुष्याविषयी भलते सल्ले देणारा.

तिचं घराणं मात्र आधीचं. १९९५ मध्ये कॉमेडी सेंट्रलवर ‘डॉ. कॅट्झ, प्रोफेशनल थेरपिस्ट’ सुरू झाली. तिच्यात विनोदवीर रुग्ण म्हणून कोचावर आडवे व्हायचे आणि आपलेच रंगमंचावरचे किस्से मनोविकारतज्ज्ञाला ऐकवायचे. तिच्या निर्मात्यांपैकी टॉम स्नायडर यांच्या कंपनीने ‘स्क्विगलव्हिजन’ नावाची युक्ती काढली होती: एकच चित्र बाह्यरेषेत किंचित फरक ठेवून साधारण पाच वेळा काढायचं आणि ती पाच चित्रं चक्राकार फिरवायची. पात्र जागचं हलत नाही, रेषा मात्र सतत थरथरते. बूशार्ड याच कारखान्यात तयार झाले. ‘होम मूव्हीज’चं पहिलं पर्व याच पद्धतीचं आहे, ती थरथर सगळ्यांच्या डोळ्यांना मानवत नसे, आणि दुसऱ्या पर्वापासून मालिका फ्लॅश या संगणकी ॲनिमेशनच्या साधनावर गेली.

या थरथरीमागचं कारण समजून घ्या, कारण तुमच्यापुढेही तीच अडचण येणार आहे. रेखाटलेलं चित्र पडद्यावर सेकंदभराहून जास्त पूर्ण स्थिर राहिलं की ते मरतं. जिवंत माणूस नुसता बसलेला असला तरी श्वास घेतो, भार बदलतो. मोठ्या स्टुडिओत यासाठी ‘मूव्हिंग होल्ड’ करतात, म्हणजे थांबलेल्या पात्रालाही चार-दोन चित्रांची बारीक सरक देतात. ते महाग पडतं. पाच चित्रांच्या चक्रात तोच परिणाम जवळजवळ फुकट मिळतो, आणि मग पात्र दोन सेकंद गप्प बसलं तरी प्रेक्षकाला व्हिडिओ अडकल्यासारखं वाटत नाही. म्हणजे ती थरथर शांततेची सोय होती.

दुसरी गोष्ट संवादांची. पहिल्या पर्वात पूर्ण लिहिलेली संहिता नव्हती. प्रसंगांचा आराखडा असायचा आणि कलाकार एकत्र बसून त्यात बोलायचे. याला तिकडे ‘रेट्रोस्क्रिप्टिंग’ म्हणतात. आपल्याला हे परकं नाही. तमाशातली बतावणी हेच करते: सरदाराने काय विचारायचं आणि गाडी शेवटी कुठे न्यायची हे ठरलेलं, मधली वाट सोंगाड्याची. फरक इतकाच, की बतावणीला संकलक नसतो. तिथे समोरची गर्दी वेळ ठरवते, इथे तुम्ही ठरवायची.

या तंत्राइतकीच महत्त्वाची, पण सहसा सुटून जाणारी बाब म्हणजे या मालिकांच्या गरिबीला गोष्टीतच कारण आहे. ब्रेंडनचे सिनेमे बालिश, घाईत उरकलेले, भलत्या महत्त्वाकांक्षेचे असतात (एका भागात तर फ्रान्झ काफ्कावर रॉक ऑपेरा आहे), आणि ती मालिकाही तशीच दिसते. मुलाने काढलेला सिनेमा आणि आपण बघतो ती मालिका यांच्या दर्जात फारसं अंतर नाही, म्हणून काहीच खटकत नाही.

‘स्पेस घोस्ट’चंही तेच. १९६६ सालचा, हाना-बार्बेरा या कार्टून स्टुडिओचा हा सुपरहीरो ॲलेक्स टोथ यांनी रेखाटलेला. टर्नर कंपनीने १९९१ मध्ये हाना-बार्बेराचा चित्रसंग्रह विकत घेतला, १९९२ मध्ये कार्टून नेटवर्क सुरू केलं, आणि हाताशी तयार चित्रं होती पण नव्या मालिकेला पैसे नव्हते. १५ एप्रिल १९९४ रोजी कार्टून नेटवर्कच्या माइक लॅझो यांच्या पुढाकाराने हाच सुपरहीरो मुलाखतकार होऊन परत आला. जुनी चित्रं कापून, काही नव्याने गिरवून तीच ती पुन्हा वापरली. पाहुणे मात्र खरे, हाडामांसाचे, टीव्हीच्या पडद्यातून बोलणारे. त्यांच्या उत्तरांना नंतर भलतेच प्रश्न जोडले जायचे. कैदेत पडलेले जुने खलनायकच तिथे नोकर: झोराक हा मँटिस जातीचा कीटक वाद्यवृंद सांभाळतो, मोल्टार दिग्दर्शन करतो, आणि दोघांनाही मालक नकोसा आहे. एका निवृत्त वीराचं मोडकं करिअर दाखवायला जुनीपुराणी, तुटक चित्रं याहून योग्य काय असणार?

‘साउथ पार्क’ या आणखी एका अमेरिकी कार्टून मालिकेचा पहिला भाग खरोखर कागद कापून केला होता आणि त्याला सुमारे तीन महिने लागले. मालिका १३ ऑगस्ट १९९७ ला सुरू झाली, पुढचं काम संगणकावर गेलं, तरी चेहरा कागदाचाच ठेवला. त्या चेहऱ्याने त्यांना वेग दिला. भाग आठवड्याच्या आत तयार होऊ लागला, इतका, की २००८ ची अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक ४ नोव्हेंबरला झाली आणि तिच्यावरचा भाग ५ नोव्हेंबरला दाखवला गेला. चित्र सुधारलं असतं तर हे जमलं नसतं.

तेव्हा पहिला निर्णय हाच घ्या: तुमचं चित्र गरीब का आहे? सोसायटीच्या वॉट्सॲप गटावर फिरणाऱ्या चित्रांतून गोष्ट सांगता येईल. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावरची चित्रं चालतील. बंद पडलेल्या स्थानिक केबल वाहिनीचा वृत्तनिवेदक चालेल. ‘आमच्याकडे पैसे नव्हते’ हे खरं कारण असलं तरी ते प्रेक्षकाला दिसणारं कारण नव्हे.

आता प्रत्यक्ष कामाकडे. ११ मिनिटांचा भाग हा तिकडचा साचा आहे, तुम्ही ५ मिनिटांनी सुरू करा. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने ५ मिनिटं म्हणजे ७,२०० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी ३,६०० चित्रं, आणि एका माणसाने दिवसाला ३० स्वच्छ चित्रं काढली तर १२० दिवस. हा रस्ता तुमच्यासाठी बंद आहे असं समजा. दुसरा रस्ता सुट्या भागांचा. हाना-बार्बेराने योगी अस्वलाला कॉलर दिली ती याचसाठी: कॉलरच्या वरचं डोकं तेवढं बदलायचं, धड तसंच. पाच पात्रं घ्या. प्रत्येकाचे तीन कोन (समोरून, पाऊण, बाजूने). प्रत्येक कोनात १ धड, ८ तोंडं, ४ डोळे (उघडे, अर्धे, मिटलेले, तिरके) आणि ६ हात. झाले १९ तुकडे. तीन कोनांचे ५७, पाच पात्रांचे २८५. त्यात ८ ते १० पार्श्वदृश्यं धरा. हे तीनशे तुकडे एकदाच काढायचे, मग वर्षभर पुरतात.

पण चित्राला हात लावण्याआधी आवाज.

आराखडा एका पानाचा ठेवा. पाच मिनिटांना तीन प्रसंग पुष्कळ झाले. प्रत्येक प्रसंगात पात्राला काय हवंय आणि शेवटचं वाक्य कुठे पडायचं, एवढं लिहा. ‘काय हवंय’ हे नसेल तर उत्स्फूर्त बोलणं हमखास ‘हो ना’, ‘खरंच यार’, ‘अरे पण’ यांत विरघळतं, कारण चांगले कलाकार सभ्य असतात आणि एकमेकांना दुजोरा देत बसतात. एकाला पाचशे रुपये उसने हवेत, दुसऱ्याला ते द्यायचे नाहीत पण नाही म्हणायचंही नाही, असं सांगितलं की वीस मिनिटं कशी जातात कळत नाही. आणि दोघांपैकी एकानेच विक्षिप्त व्हायचं. दोघंही सोंगाडे झाले की बतावणी कोसळते. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी पूर्ण संहिताही लिहावी: ५ मिनिटांना साधारण ५५० ते ६५० शब्द. एक टेक लिहिल्याबरहुकूम, मग दोन-तीन टेक कागद उलटा ठेवून.

कलाकारांना शक्यतो एकाच खोलीत, एकाच वेळी बसवा. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं मुद्रित केलं की वाक्यं बरोबर येतात, पण ऐकणं हरवतं. समोरचा बोलत असताना दुसऱ्याचा अर्धवट ‘अं…’ आला पाहिजे, तोच पुढे सोनं ठरतो. अडचण अशी, की एकाच्या माइकमध्ये दुसऱ्याचा आवाज गळतो आणि मग कापता येत नाही. उपाय साधा आहे: दोन कार्डिऑइड माइक (समोरचा आवाज पकडणारे, मागचा टाळणारे), तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, आणि दोन माइकमधलं अंतर तोंड-माइक अंतराच्या किमान तिप्पट. जागा असेल तर दीड-दोन मीटर ठेवा, माइकच्या पाठी एकमेकांकडे करा. मुद्रणाची मापं ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. आवाजाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास. कलाकार अचानक ओरडणार आहेत, तेव्हा ती जागा मोकळी हवी. स्टुडिओ परवडत नसेल तर कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसवा, मागे दोन गोधड्या टांगा. पंखा बंद, फ्रिज बंद, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, नंतर ट्रॅक जुळवायला ती लागते.

आणि ३० सेकंद कुणीही न बोलता खोलीचा नुसता आवाज मुद्रित करा. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. संकलनात तुम्ही वाक्यांमध्ये थांबे वाढवणार. तिथे संपूर्ण शून्य टाकलंत तर कानाला खड्डा पडल्यासारखं होतं आणि विनोदाऐवजी तांत्रिक बिघाड ऐकू येतो. त्या थांब्यांखाली हा खोलीचा आवाज अंथरायचा.

आवाज ‘कार्टूनी’ करू नका. पोरांचे आवाज चिरके, म्हाताऱ्यांचे घोगरे ही आपल्याकडच्या डबिंगची सवय आहे. ‘होम मूव्हीज’मध्ये आठ वर्षांच्या जेसनला आणि प्रशिक्षक मॅकगर्कला आवाज एकाच माणसाचा, एच. जॉन बेंजामिन यांचा. जेसन नाकात, सर्दी झाल्यासारखा बोलतो. मॅकगर्क जवळजवळ बेंजामिन यांच्या रोजच्या आवाजात. सजावट एवढीच. मुलं थकलेल्या कारकुनांसारखी बोलतात यातच निम्मी गंमत आहे. मराठीत आणखी एक हत्यार तुमच्याकडे आहे: बोली. पण ती ज्याच्या तोंडची आहे त्यालाच बोलायला द्या. सदाशिव पेठेतल्या माणसाने हेल काढून केलेली मालवणी किंवा वऱ्हाडी पहिल्या वाक्यालाच पकडली जाते, आणि मग विनोद त्या पात्राचा न राहता त्या भागातल्या लोकांवर जातो.

तासाभराचं मुद्रण हातात आलं की संकलन. ६० मिनिटांतून ५ मिनिटं काढायची. पहिल्या फेरीत फक्त ऐका आणि जिथे तुम्ही स्वतः हसलात तिथे खूण करा, कारण तिसऱ्यांदा ऐकताना तुम्हाला काहीच विनोदी वाटणार नाही आणि त्या खुणांवरच विश्वास ठेवावा लागेल. दुसऱ्या फेरीत गोष्टीला लागणारी वाक्यं जोडा. तिसऱ्या फेरीत थांबे. बाप-लेकीचा हा तुकडा घ्या:

“बाबा, तुम्हाला गाडी मागे घेता येते ना?”
(१० फ्रेम) “येते.”
(४० फ्रेम) “मग मी उतरू का?”
(६ फ्रेम) “उतर.”

१० फ्रेम, म्हणजे ०.४ सेकंद, हा साध्या बोलण्यातला थांबा. ४० फ्रेममध्ये मुलीचा विश्वास उडतो, आणि ६ फ्रेममध्ये आलेलं ‘उतर’ बापाचीही तीच भीती उघडी पाडतं. ४० च्या जागी १५ करा, चारही वाक्यं नुसती माहिती होतात. ९० करा, प्रेक्षक इंटरनेट तपासतो. थांबा वाक्याच्या शेवटच्या अक्षरापासून मोजायचा, त्यानंतरच्या श्वासापासून नाही. आणि पुढच्या वाक्याआधीचा श्वास कापू नका, तो कापला की माणूस यंत्र होतो.

फार लांब थांबा पुन्हा विनोदी होतो हेही खरं. ‘स्पेस घोस्ट’च्या एका भागात नायक एका मुंगीच्या मागे सरपटत जातो आणि ते कित्येक मिनिटं चालू राहतं. आधी हसू, मग कंटाळा, मग चीड, मग पुन्हा हसू. पण तो प्रयोग मालिका मुरल्यानंतरचा आहे. पहिल्याच भागात केलात तर प्रेक्षक चीड येण्याच्या टप्प्यावरच निघून जाईल.

थांब्यात संगीत भरू नका. झूम नको, ‘ढँटॅण’ नको, रातकिडे तर नकोतच. पात्राचा अवघडलेपणा प्रेक्षकाने स्वतः सोसला पाहिजे. तुम्ही रातकिडे वाजवलेत की ‘इथे विनोद झाला’ अशी पाटी लागते.

आवाज पक्का झाल्यावर चित्र. आधी ॲनिमॅटिक, म्हणजे आवाजाबरहुकूम ओळीने ठेवलेली स्थिर चित्रं, लावा आणि तो अनोळखी माणसाला दाखवा. तो ॲनिमॅटिकवर हसला नाही तर पुढच्या हालचालीने हसणार नाही. परत आवाजाकडे जा.

ओठ जुळवताना इंग्रजी तक्ते जसेच्या तसे वापरू नका. मराठीला आठ तोंडं पुरतात: मिटलेलं (प, ब, भ, म), अर्धं उघडं (अ), पूर्ण उघडं (आ), ताणलेलं (इ, ए), गोल (उ, ओ), खालचा ओठ दातांजवळ (व, आणि बहुतेकांच्या बोलण्यात फ), दात जवळजवळ जुळलेले (च, ज, स, श), जीभ वर (ल, न, त). ‘ळ’साठी वेगळं तोंड काढायचा मोह होतो, पण जीभ आत मागे वळते, बाहेरून काही दिसत नाही, सोडून द्या. मिटलेलं तोंड किमान दोन फ्रेम धरा, नाहीतर ‘मामा’ शब्द ‘आआ’ दिसतो. तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी हललेलं चालतं, उशिरा हललेलं अजिबात चालत नाही. रूबार्ब लिप सिंक हे मोफत साधन ध्वनिफितीवरून तोंडांची यादी काढून देतं. त्यात इंग्रजीखेरीज इतर भाषांसाठी असलेला ध्वन्याधारित पर्याय निवडा आणि निकाल हाताने तपासा. लिखित संहितेवरून तोंडं लावत असाल तर एक चूक हटकून होते: ‘घर’, ‘उतर’, ‘काम’ यांतला शेवटचा ‘अ’ आपण उच्चारत नाही, पण कागदावरून लावणारा तिथे तोंड उघडतो आणि पात्र प्रत्येक शब्दाच्या शेवटी घास मागत असल्यासारखं दिसतं.

तरी ओठांवर फार वेळ घालवू नका. पाध्यांचा अर्धवटराव आठवा: जबडा नुसता वर-खाली होतो, प आणि म यांचा तिथे पत्ता नाही, तरी समोर बसलेल्याला तो बोलतोय याबद्दल शंका नसते. काम करतात ते डोळे आणि मानेचा झटका. वरच्या तुकड्यात ४० फ्रेमच्या थांब्यात मुलगी पूर्ण स्थिर राहील. १८ व्या फ्रेमला बुबुळं बापाकडून आरशाकडे जातील, एका फ्रेममध्ये, मधलं चित्र न देता. ३० व्या फ्रेमला एक पापणी. बस. शेवटचं ‘उतर’ येतं तेव्हा बापाचं तोंड सोडून काहीही हलू नये. विनोदाच्या शब्दावर हात उडवला की डोळा हाताकडे जातो आणि कान शब्द गमावतो.

सुट्या तुकड्यांच्या पद्धतीत हमखास बिघडणारी गोष्ट म्हणजे ट्वीनिंग. दोन स्थितींच्या मधली चित्रं संगणकच भरून देतो, म्हणून नवखा माणूस ती सगळीकडे लावतो, आणि पात्रं पाण्यात तरंगल्यासारखी डुलू लागतात. ती गुळगुळीत हालचालच स्वस्त दिसते. ट्वीन बंद करा. एका स्थितीतून दुसरीत दोन-तीन चित्रांत उडी मारा आणि तिथे थांबा. थांबलेलं चित्र मरू नये म्हणून हवं तर स्क्विगलची युक्ती घ्या: बाह्यरेषेच्या तीन ते पाच आवृत्त्या, प्रत्येक तीन फ्रेम. दर फ्रेमला बदललीत तर डोळे दुखतात. आणि पार्श्वदृश्य थरथरवू नका, नाहीतर बघणाऱ्याला बोट लागल्यासारखं होतं.

साधनांवर खर्च करायची गरज नाही. ओपनटून्झ २०१६ पासून मोफत आहे, ब्लेंडरमधलं ग्रीस पेन्सिल मोफत आहे, चित्रांना क्रिता, जोडणीला डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. पैसे असतीलच तर माइकवर घाला.

‘स्पेस घोस्ट’सारखं जुन्या चित्रांतून नवं करायची कल्पना तुमच्याही डोक्यात येईल. तिथे ते जमलं कारण चित्रं घरचीच होती. आपल्याकडे चित्रपटाचं स्वामित्व प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतं, आणि त्यातल्या गाण्यांचे, लेखनाचे हक्क वेगळे, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालणारे. जुन्या मालिकांचे किंवा सिनेमांचे तुकडे परस्पर उचलू नका. काड्या, पेनं, भाजी हलवून मात्र काहीही करता येतं. दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या हलवून लघुपट केला तो १९१५ च्या सुमारास.

राहिला विक्षिप्तपणा. याची नक्कल सगळ्यात वाईट होते, कारण बाहेरून तो ‘मनाला येईल ते’ असा दिसतो. ‘ॲडल्ट स्विम’वरच्या ‘अक्वा टीन हंगर फोर्स’ या मालिकेत मिल्कशेक, फ्रेंच फ्राइज आणि मांसाचा गोळा एका घरात राहतात. गुन्हे शोधणं हे त्यांचं मूळ काम लवकरच वाऱ्यावर सोडलं गेलं, भागाच्या शेवटी कुणी मेलं तर पुढच्या भागात ते पुन्हा हजर. तरी ती मालिका उभी राहते ती शेजारच्या कार्लमुळे. त्याला फक्त आपला पोहण्याचा हौद वापरायचा आहे आणि ही मंडळी तो वापरू देत नाहीत. एक सामान्य, वैतागलेला, भाडं-वीजबिल भरणारा माणूस चौकटीत असला की बाकीचं जग कितीही तऱ्हेवाईक चालतं. तो काढला की प्रेक्षकाला उभं राहायला जागा उरत नाही. नियम मोडण्याआधी ते दिसलेही पाहिजेत. पहिल्या तीन भागांत जे तऱ्हेवाईक आहे ते दर वेळी त्याच पद्धतीने तऱ्हेवाईक ठेवा: स्पेस घोस्टला आदर हवाय आणि तो कधीच मिळत नाही, हे प्रत्येक भागात बदलत नाही.

आणि या साध्या चित्रांनी एक वेगळीच मुभा दिली, ती सहज लक्षात येत नाही. ‘होम मूव्हीज’मध्ये घटस्फोट आहे, बापाची अनुपस्थिती आहे, मॅकगर्कचं रिकामं आयुष्य आहे. हेच खरे नट घेऊन, नीट प्रकाश टाकून दाखवलं असतं तर ते जड झालं असतं. चार रेषांच्या चेहऱ्यावर दुःख फार वेळ ठरत नाही, प्रेक्षक ते स्वतःच्या अंदाजाने भरतो आणि पुढच्या वाक्याला हसायला मोकळा राहतो. पुन्हा बघताना लोक परततात ते याच जागांसाठी. नुसते विनोद दुसऱ्यांदा एवढे चालत नाहीत.

वेळापत्रक असं धरा. तीन माणसं, ५ मिनिटांचा भाग, तुकडे आधीच तयार: आराखडा २ दिवस, मुद्रण १, आवाजाचं संकलन ५ ते ६, ॲनिमॅटिक १, चित्र ६ ते ७, अंतिम ध्वनिमिश्रण २. म्हणजे साधारण तीन आठवडे. आवाजाच्या संकलनाला जवळजवळ चित्राइतकेच दिवस आहेत, हे चुकून झालेलं नाही. काम अंगवळणी पडलं की चित्राचे दिवस चारवर येतात. आवाजाचे येत नाहीत, आणि वेळ कमी पडला म्हणून कुणी तिथे कात्री लावायला आलं तर त्याऐवजी एक पार्श्वदृश्य कमी करा. शेवटचं ध्वनिमिश्रण मात्र हेडफोनवर न थांबता मोबाइलच्या उघड्या स्पीकरवर, खिडकी उघडी ठेवून ऐका. तुमचे बहुतेक प्रेक्षक तिथेच आहेत, आणि ६ फ्रेमनंतरचं ते दबकं ‘उतर’ रस्त्यावरच्या रिक्षांच्या आवाजात बुडत असेल तर त्या एका शब्दाला तीन डेसिबल वाढवा.